ऊन पाण्याचे झरे

महाराष्ट्रांतील गांवांच्या नांवांत एक शब्द वारंवार भेटतो. रायगड जिल्ह्यांत पालीजवळ उन्हेरें आहे, रत्नागिरी जिल्ह्यांत उन्हवरें आहे, राजापुराशेजारीं उन्हाळें आहे. सह्याद्रि ओलांडून खानदेशांत गेलें तर सातपुड्याच्या पायथ्याशीं उनपदेव लागतो, आणि तेथून पुष्कळ दूर पूर्वेस, नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांत, उनकेश्वर. हीं सारीं नांवें संस्कृत 'उष्ण' शब्दाच्या कुळांतलीं आहेत. 'उन्हाळें' म्हणजे ऊन पाण्याचा झरा, हा अर्थ जुन्या मराठीस परिचयाचा होता. शहरांतील मंडळींच्या कानांस मात्र आतां त्या शब्दांत फक्त वैशाखाचें ऊन ऐकूं येतें. राजापूरच्या गंगेस जाणारे यात्रेकरू अजूनहि आधीं उन्हाळ्याच्या कुंडांत स्नान करितात आणि मग गंगेकडे वळतात.

कोंकणांतील असे झरे नकाशावर टिंबांनीं दाखवून तीं टिंबें जोडलीं, तर रेघ फारशी वांकडीतिकडी जात नाहीं. उत्तरेस पालघर जिल्ह्यांतील सातिवली, तेथून तानसा नदीच्या कांठचीं वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी, मग उन्हेरें, पुढें उन्हवरें, आरवली, तुरळ, राजवाडी, आणि शेवटीं राजापूर, अशी ही माळ सह्याद्रि आणि समुद्र ह्यांच्या मधून, दोघांनाहि समांतर, सुमारें ३५० किलोमीटर पसरली आहे. तींत लहानमोठे मिळून ६० च्या आसपास झरे आहेत. कांहींचें पाणी केवळ कोंबट आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीकडील कुंडांचें ५० अंश सेंटिग्रेडच्या जवळपास. आणि उन्हवऱ्याचें सुमारें ७० अंश, म्हणजे हात घालतांच मागें घ्यावा इतकें कढत. टॉमस ओल्डहॅम ह्यांनीं केलेली भारतांतील उष्ण झऱ्यांची यादी भूगर्भ सर्वेक्षण खात्यानें १८८२ सालीं प्रसिद्ध केली; तींत सुमारें ३०० झऱ्यांची नोंद आहे.

जमिनींतून वाफाळतें पाणी वर येतें, हें पाहून जुन्या लोकांनीं त्याचें कारण शोधलें नसतें तरच नवल. वज्रेश्वरीच्या परिसरांत सांगतात कीं, देवीनें जे दैत्य मारले त्यांचें रक्त अजून ऊन आहे, तेंच कुंडांतून वर येतें. ह्याच देवीस चिमाजीअप्पांनीं वसईच्या मोहिमेंत नवस केला आणि १७३९ सालीं वसई सर झाल्यावर मंदिर बांधून तो फेडला, अशी परंपरा आहे. उनपदेव आणि उनकेश्वर ह्या दोन्ही ठिकाणीं कथा शरभंग ऋषींची: ऋषींच्या अंगास व्याधि जडली होती, आणि प्रभु रामचंद्रांनीं बाण मारून त्यांच्याकरितां जमिनींतून ऊन पाणी काढलें. दोन ठिकाणांत शेंकडों किलोमीटरांचें अंतर असून कथा एकच, ह्यांत हसण्यासारखें कांहीं नाहीं. ऊन पाणी आणि रोगनिवारण ह्यांची सांगड लोकांनीं किती पूर्वींपासून घातली आहे, तेंच तिच्यांतून दिसतें.

सुशिक्षितांची दंतकथा मात्र निराळी आहे. शहरांतून सहलीस आलेला पदवीधर कुंडाच्या कांठीं उभा राहून मुलांना सांगतो कीं, खालीं गंधकाची खाण आहे, किंवा खालीं ज्वालामुखी धुमसत आहे. ह्या दोन्ही गोष्टी दैत्यांच्या रक्ताइतक्याच निराधार आहेत. गंधक जमिनींत आपोआप पेटून पाणी तापवीत नाहीं. कांहीं झऱ्यांजवळ सडक्या अंड्यासारखी जी दुर्गंधी येते ती हायड्रोजन सल्फाइड नांवाच्या वायूची. तो पाण्याबरोबर आलेला प्रवासी आहे, पाणी तापविणारा आचारी नव्हे. ज्वालामुखीचें म्हणावें तर महाराष्ट्राचा काळा पत्थर लाव्हारसाचाच खरा, परंतु तो ओतला गेला त्यास सुमारें साडेसहा कोटि वर्षें झालीं. इतक्या काळांत तो केव्हांच निवला.

मग पाणी तापतें कशानें? पृथ्वीच्या पोटांत जसजसें खालीं जावें तसतशी उष्णता वाढते. साधारणतः दर किलोमीटरास २५ ते ३० अंश, कोठें कमी, कोठें अधिक. कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ सालीं बंद झाल्या. त्या तीन किलोमीटरांहून खोल गेल्या होत्या. त्यांच्या तळाशीं खडक ६० अंशांहून अधिक तापलेला असे, आणि माणसांस काम करतां यावें म्हणून वरून थंड केलेली हवा खालीं सोडावी लागे. तेथें ज्वालामुखी नव्हता. होती ती केवळ खोली.

कोंकणांत दरवर्षीं अडीच-तीन मीटर पाऊस पडतो. त्यांतील बहुतेक पाणी नदीनाल्यांवाटे समुद्रास मिळतें, परंतु थोडा भाग खडकांच्या भेगांत उतरतो. हा किनारपट्टीचा प्रदेश फार प्राचीन काळीं दुभंगला, खचला आणि वांकला. त्या उलथापालथींत पडलेल्या दक्षिणोत्तर भेगा अजून खालीं आहेत, आणि झऱ्यांची माळ किनाऱ्यास समांतर दिसते ती त्यामुळेंच. पाणी ह्या भेगांतून दोन-तीन किलोमीटर खालीं झिरपतें, तेथल्या खडकाची ऊब घेतें, व तापल्यानें हलकें होतें. मागून येणाऱ्या थंड व जड पाण्याच्या दाबानें तें एखाद्या मोकळ्या भेगेवाटे वर ढकललें जातें. जुन्या घरांतील तांब्याचा बंब ज्या श्रोत्यांनीं पाहिला असेल त्यांस हें समजावयास वेळ लागणार नाहीं. वरून थंड पाणी ओतावें, तें तळाशीं जावें, आणि तितकेंच कढत पाणी तोटींतून बाहेर पडावें, असाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, ह्या बंबांत आज ओतलेलें पाणी तोटीपर्यंत येण्यास अनेक पिढ्या लागतात. कांहीं झऱ्यांच्या बाबतींत हजारों वर्षें. खालीं जाण्याचा प्रवास अत्यंत मंद, आणि वर येण्याचा त्या मानानें जलद असावा लागतो. वर येतांना पाणी रेंगाळलें तर तें वाटेंतच निवतें, आणि गांवकऱ्यांस साधा झरा मिळतो. उष्णता खालीं सर्वत्रच आहे. दुर्मिळ आहे ती मोकळी वाट.

ह्या प्रवासांत पाणी खडकांतील क्षार विरघळवून घेतें; कोंकणांतील पुष्कळ झऱ्यांचें पाणी त्यामुळें मचूळ लागतें. गारगोटी ज्या द्रव्याची बनलेली असते तें, म्हणजे सिलिका, पाणी जितकें अधिक तापलेलें तितकें त्यांत अधिक विरघळतें, आणि पाणी वर येऊन निवलें तरी तें चटकन खालीं बसत नाहीं. म्हणून वरच्या पाण्यांतील सिलिका मोजून खोलवरच्या पाण्याच्या उष्णतेचा अंदाज बांधतां येतो. कोंकणच्या झऱ्यांविषयीं असे जे अंदाज झाले ते १०० अंशांच्या थोडे पुढें जातात, फार पुढें नाहीं. हा आंकडा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. विजेचा विषय निघाला म्हणजे त्याचें महत्त्व कळतें.

परंतु झऱ्यावर येणाऱ्या शंभरांतील नव्याण्णवांस वीज नको असते. त्यांचे गुडघे दुखत असतात. ऊन पाण्यानें रोग बरे होतात काय, ह्या प्रश्नास एका शब्दांत उत्तर देतां येत नाहीं. तें कां, हें इंग्लंडांतील बाथ ह्या गांवच्या हकीकतीवरून जितकें स्पष्ट होतें तितकें अन्य कशानेंहि होत नाहीं.

बाथच्या झऱ्याचें पाणी सुमारें ४६ अंश उष्ण आहे, आणि दिवसास अकरा लाखांहून अधिक लिटर वर येतें. रोमन लोकांनीं तेथें स्नानगृहें बांधलीं. १७४२ सालीं गांवांत रुग्णालय निघालें, आणि हातपाय लुळे पडलेले रोगी देशाच्या कानाकोपऱ्यांतून तेथें येऊं लागले. नवल असें कीं, त्यांतील पुष्कळसे सुधारत. ह्या लुळेपणाच्या मुळाशीं बऱ्याच जणांच्या बाबतींत शिशाची विषबाधा होती. रंगारी आणि नळ बसविणारे कारागीर ह्यांचा तो नित्याचा रोग होता. आणि डेव्हन परगण्यांत सफरचंदाच्या मद्यांतूनहि शिसें पोटांत जातें, हें जॉर्ज बेकर नांवाच्या वैद्यानें १७६७ सालीं दाखवून दिलें. मग बाथच्या पाण्यांत शिशावर उतारा कोणता होता? पाण्याचें पृथक्करण पुनः पुन्हां झालें. उतारा सांपडला नाहीं.

उत्तर मिळालें तें विसाव्या शतकांत, आणि तें पाण्याच्या पृथक्करणांत नव्हतेंच. मनुष्य मानेपर्यंत पाण्यांत बसला म्हणजे पाण्याच्या दाबानें हातापायांतील रक्त छातीकडे सरकतें. शरीराची अशी समजूत होते कीं आपणांत पाणी फार झालें, आणि मूत्रपिंडें अधिक पाणी व अधिक मीठ बाहेर टाकूं लागतात. त्याबरोबर शिसेंहि अधिक जातें. बाथचे रोगी रोज बराच वेळ, असे आठवड्यामागून आठवडे, कुंडांत बसत. शिवाय तितके दिवस ते रंगाच्या डब्यांपासूनहि दूर असत. ते खरोखरच बरे होत होते. श्रेय मात्र पाण्यांतील कोणत्याहि गुप्त द्रव्याचें नसून पाण्याच्या भाराचें होतें. गांवच्या साध्या हौदांत मानेपर्यंत बसविलें असतें तरी हेंच घडलें असतें; पण साध्या हौदांत महिनाभर बसावयास शंभर कोसांवरून कोण येतो?

गुडघेदुखीचेंहि पुष्कळसें असेंच आहे. ऊन पाण्यांत स्नायु सैल पडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, पाण्याच्या उचलीमुळें सांध्यांवरचें ओझें कमी होतें, आणि जमिनीवर न वांकणारा गुडघा पाण्यांत वांकतो. संधिवाताच्या रोग्यास त्यानें कांहीं दिवस, कधीं कांहीं आठवडे बरें वाटतें, हें खरें आहे. झिजलेला सांधा त्यानें भरून येत नाहीं, हेंहि खरें आहे. त्वचारोगांच्या बाबतींत अधिक सावधपणें बोललें पाहिजे. खरजेवर गंधकाचें मलम उपयोगी पडतें, परंतु त्या मलमांत गंधक शेंकडा ५ ते १० असतें, आणि झऱ्याच्या पाण्यांत फार झालें तर लिटरमागें कांहीं मिलिग्रॅम. मलमाचें काम पाण्याकडून होणें नाहीं. कुंडाच्या पाण्यानें कुष्ठरोग जातो ही समजूत तर घातकच म्हटली पाहिजे. त्या रोगावर आज खात्रीचें औषध आहे, तें सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें, आणि कुंडाच्या आशेवर गेलेल्या महिन्यांत बोटांची जी संवेदना नाहींशी होते ती पुष्कळदां मागून औषध घेऊनहि परत येत नाहीं.

स्नान कसें करावें ह्याविषयीं जुनें वैद्यक पुष्कळ विवेकी होतें. वाग्भटानें अष्टांगहृदयांत ऊन पाणी शरीराच्या खालच्या भागावर घेणें बलकारक म्हटलें, आणि तेंच डोक्यावर घेणें केस व डोळे ह्यांस अपायकारक सांगितलें. कुंडांत डोकें बुडवून डुबक्या मारणाऱ्यांनीं हें ऐकावें, कारण आतां त्यास आणखी एक कारण जोडलें गेलें आहे. ऊन गोड्या पाण्यांत नेग्लेरिया नांवाचा एक सूक्ष्म जीव वाढूं शकतो. तो पोटांत गेला तर कांहीं करीत नाहीं. परंतु पाण्याबरोबर नाकांत शिरला तर मेंदूपर्यंत पोंचतो, आणि मग रोगी क्वचितच वांचतो. असा प्रसंग फार विरळा. तथापि बाथलाच १९७८ सालीं एका मुलीचा त्यामुळें मृत्यु झाला, आणि रोमन काळापासून नांवाजलेलें तें सार्वजनिक स्नान बंद करावें लागलें. नवें स्नानगृह उघडण्यास २००६ साल उजाडलें, आणि त्याकरितां जमिनींत नवीं भोंकें पाडून खोलवरचें स्वच्छ पाणी आणावें लागलें.

उष्णतेचें मानहि पाहिलें पाहिजे. स्नानास ३८ ते ४० अंशांचें पाणी आणि दहा-पंधरा मिनिटें पुरेशीं आहेत. ५५ अंशांच्या पाण्यानें अर्ध्या मिनिटांत कातडी भाजते, ६० अंशांच्या पाण्यानें पांच-सहा सेकंदांत. हृदयविकाराचे रोगी आणि गर्भवती स्त्रिया ह्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून अशा कुंडांत उतरूं नये. मधुमेहानें ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांचा धोका तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं: ते पाय पाण्यांत घालून बसतात, त्यांस कांहींच वाटत नाहीं, आणि घरीं गेल्यावर फोड दिसतात. अशांनीं पाणी हाताच्या कोंपरानें अजमावावें, किंवा दुसऱ्यास अजमावूं द्यावें.

आतां विजेविषयीं. इटलींत टस्कनी प्रांतांत लार्देरेल्लो येथें जमिनींतून वाफच बाहेर पडते. पिएरो जिनोरी कोंती ह्या सरदारानें १९०४ सालीं तिच्यावर एक लहानसें यंत्र चालवून पांच दिवे पेटविले, आणि १९१३ सालीं तेथें २५० किलोवॅटचें वीजगृह उभें राहिलें. आइसलंडच्या राजधानींत १९३० पासून ऊन झऱ्यांचें पाणी नळांनीं इमारतींत खेळविण्यास आरंभ झाला. आज त्या देशांतील दहांपैकीं नऊ घरें भूगर्भाच्या उष्णतेनें ऊबदार राहतात. हें ऐकून कोंकणांत अशीं वीजगृहें कां नाहींत, हा प्रश्न साहजिकच उठतो. त्याचें उत्तर सरकारी अनास्थेंत शोधण्याची घाई करूं नये. तें बरेंचसें मघांच्या आंकड्यांत आहे.

समजा, एखाद्या झऱ्यांतून सेकंदास दोन लिटर पाणी ५५ अंशांवर बाहेर पडतें. तें ३५ अंशांपर्यंत निववलें तर त्यांतून १६७ किलोवॅट उष्णता मिळते. चोवीस तासांचा हिशेब केला तर जवळजवळ एक टन वाळलें लाकूड जाळल्याइतकी. परंतु उष्णतेकडून यंत्र फिरवून घ्यावयाचें तर नुसती उष्णता असून भागत नाहीं. गरम आणि थंड ह्यांतील अंतर मोठें लागतें. एका बाजूस ५५ अंश आणि दुसऱ्या बाजूस कोंकणांतील ३० अंशांची हवा, एवढ्या अंतरांत निसर्गाच्या नियमानेंच शेंकडा साडेसातांहून अधिक उष्णता कामीं लागूं शकत नाहीं, आणि प्रत्यक्ष यंत्रास त्याच्या निम्में साधणेंहि कठीण. टनभर लाकडाच्या उष्णतेंतून वीज पांच किलोवॅटसुद्धां मुष्किलीनें, आणि तींतलीहि कांहीं पाण्याचे पंप चालविण्यांत जावयाची. खोल भोंकें पाडून १०० अंशांवरचें पाणी गांठलें तर हिशेब सुधारतो, परंतु खर्चहि खोलीबरोबर वाढतो.

हिमालयांत परिस्थिति निराळी आहे. हिमाचल प्रदेशांत पार्वती नदीच्या खोऱ्यांतील मणिकर्ण येथें यात्रेकरू तांदुळाची पुरचुंडी कुंडांत सोडून भात शिजवितात. तेथें ५ किलोवॅटचें प्रायोगिक वीजयंत्र बसविलें गेलें, तें पुढें दरड कोसळून निकामी झालें. साडेसात टनांचें एक शीतगृहहि ह्याच उष्णतेवर चालवून पाहण्यांत आलें. लडाखांतील पुगा खोरें ४,४०० मीटर उंचीवर आहे; हवेचा दाब इतका कमी कीं पाणी तेथें ८५ अंशांच्या आंतच उकळूं लागतें. १९७३ पासून भूगर्भ सर्वेक्षण खात्यानें तेथें भोंकें पाडून वाफेचा शोध घेतला, आणि तिच्या ऊबेवर भाजीपाला पिकविण्याचे, खोल्या ऊबदार ठेवण्याचे, टाकणखार शुद्ध करण्याचे प्रयोग केले. २०२१ सालीं ओएनजीसीनें लडाखच्या प्रशासनाशीं करार केला, त्यांतील पहिला टप्पा १ मेगावॅटचा आहे. ज्या प्रदेशांत हिवाळ्यांत डिझेल जाळून खोल्या तापवाव्या लागतात तेथें एवढ्यालाहि मोल आहे.

कोंकणास हवी असते ती वाळवणाची ऊब. मे महिना संपतां संपतां आभाळ भरून येतें, आणि अंगणांत पसरलेलीं आमसुलें, आंबापोळी, वलांडीवरची मासळी, सारें अर्धवट वाळलेलें घाईघाईनें आंत न्यावें लागतें. ५५ अंशांचें पाणी नळ्यांतून फिरविलें तर त्या नळ्यांवरून जाणारी हवा सहज ४५ अंशांपर्यंत तापते, आणि वाळवणास तेवढी पुरते. एक टन लाकूड तेथें खरोखर वांचतें. ह्यांत पाण्याचें कांहीं कमी होत नाहीं. उलट नळ्यांतून निवून तें ४० अंशांवर आलें म्हणजे स्नानास योग्य होतें. आज उलट घडतें: कढत पाणी अंगास सोसावें म्हणून हौदांत उघड्यावर निवूं देतात, आणि ती ऊब हवेंत जाते.

मात्र कोणताहि उपयोग करावयाचा तो वर आलेल्या पाण्याचा. वाटेस हात लावून नव्हे. न्यूझीलंडांतील रोटोरुआ शहरांत लोकांनीं घरें आणि हॉटेलें ऊबदार ठेवण्यासाठीं जागोजाग विंधणविहिरी पाडल्या. हळूहळू तेथील प्रसिद्ध कारंजीं मंदावलीं, कांहीं झरे आटले. अखेर १९८६ सालीं सरकारनें पोहुतु ह्या कारंज्यापासून दीड किलोमीटराच्या आंतील विहिरी बंद करण्याचा हुकूम काढला, आणि त्यानंतर जमिनीखालचा दाब पुन्हां वाढूं लागला. बंबाची तोटी एकच असेल आणि शेजारीं दुसरें भोंक पाडलें, तर पहिल्या तोटींतून काय येणार? कोंकणांतील एखाद्या कुंडाशेजारीं विश्रामगृहाकरितां खोल विंधणविहीर घेतली, किंवा शोभेकरितां झऱ्याच्या तोंडावरच सिमेंटचा थर दिला, तर पाणी दुसरी वाट धरतें, आणि ती वाट पुष्कळदां इतकी लांबची असते कीं पाणी ऊन असें वर येतच नाहीं.

अकलोलीजवळ तानसेच्या पात्रांतील कुंडें पुराच्या दिवसांत पाण्याखालीं जातात. पूर ओसरला कीं गाळाच्या थराखालून बुडबुडे येऊं लागतात. मग घमेलीं घेऊन गाळ उपसावा लागतो, आणि तळचा दगड लागला म्हणजे हाताला आधीं ऊब कळते, पाणी मागाहून दिसतें.